नाव 'लेन', पण लांबी सांगतच नाही! पर्लच्या अ‍ॅरे फंक्शन्सना नोंदींची इतकी गरज का पडते?

चार वस्तूंची यादी समोर ठेवली आणि 'ही यादी किती लांब आहे?' असं विचारलं, तर उत्तर चार यायला हवं. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या आतल्या भागात 'एव्ही_लेन' नावाचं एक फंक्शन आहे. त्यातलं 'लेन' म्हणजे 'लेंग्थ', अर्थात लांबी. पण चार वस्तूंच्या यादीवर ते चालवलं की उत्तर येतं तीन. रिकाम्या यादीवर चालवलं तर उत्तर येतं उणे एक.

हा बिघाड नाही. हे फंक्शन वर्षानुवर्षं असंच वागतंय. नावावरून जे वाटतं ते हे फंक्शन करत नाही, असं पर्लच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही स्पष्ट लिहिलेलं आहे.

मग नाव बदलून का टाकत नाहीत? नाव चुकीचं आणि नोंद बरोबर, असं असेल तर प्रोग्रामरने विश्वास कशावर ठेवायचा? आणि अशा नोंदी लिहितं तरी कोण? समजून घेऊया.

पर्ल आणि तिचा 'भटारखाना'

पर्ल ही स्क्रिप्टिंग भाषा लॅरी वॉल यांनी तयार केली. तिची पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ रोजी आली, तर आजही वापरात असलेली पर्ल ५ ऑक्टोबर १९९४ मध्ये. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात असंख्य वेबसाइट्स पर्लवर चालायच्या. आजही सर्व्हरची देखभाल, मजकुरावर प्रक्रिया, जनुकीय माहितीचं विश्लेषण अशा कामांसाठी ती वापरली जाते.

पर्लमध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्याला यादी बनवायला, त्यात भर घालायला, त्यातून काढायला सोप्या आज्ञा मिळतात. मेमरी कुठून आली, कधी परत केली, याची काळजी भाषा स्वतः घेते. हॉटेलात मेनूकार्ड बघून ऑर्डर द्यावी, तसंच हे आहे. आत गॅस कोणी पेटवला, भांडी कोणी घासली, हे गिऱ्हाइकाला कळायची गरज नसते.

पण पर्ल भाषा स्वतः 'सी' या भाषेत लिहिलेली आहे. एखाद्या प्रोग्रामरला पर्लसाठी वेगवान मॉड्यूल बनवायचं असेल किंवा सी भाषेतलं एखादं तयार साधन पर्लला जोडायचं असेल, तर त्याला भटारखान्यात उतरावं लागतं. तिथे उतरल्यावर वापरायची जी फंक्शन्स आहेत, त्यांच्या संचाला पर्लचा अंतर्गत प्रोग्रामिंग इंटरफेस किंवा एपीआय म्हणतात. त्याच्या माहितीपुस्तिकेचं नाव आहे 'पर्लएपीआय'.

भटारखान्यात मेनूकार्ड नसतं. इथे गॅस आपणच पेटवायचा आणि आपणच बंद करायचा.

अ‍ॅरेच्या पोटात काय असतं?

अ‍ॅरे म्हणजे क्रमाने लावलेली यादी. पर्लच्या आत अ‍ॅरेला 'एव्ही' म्हणतात. हे 'अ‍ॅरे व्हॅल्यू'चं लघुरूप. त्यात ठेवलेल्या एकेका मूल्याला 'एसव्ही', म्हणजे 'स्केलर व्हॅल्यू' म्हणतात. एसव्हीमध्ये एखादा आकडा, एखादं वाक्य किंवा दुसऱ्या कशाचा तरी संदर्भ असू शकतो.

अ‍ॅरेमध्ये प्रत्यक्ष मूल्यं नसतात. असतात ती ओळीने मांडलेली खणं, आणि प्रत्येक खणात असतो एखाद्या एसव्हीचा पत्ता. तो पत्ता घेऊन मेमरीत गेलं की मूल्य सापडतं. या पत्त्याला सी भाषेत पॉइंटर म्हणतात. याशिवाय अ‍ॅरे तीन गोष्टी लक्षात ठेवतो: खणांची ओळ कुठून सुरू होते, शेवटचं वापरातलं खण कितवं आणि एकूण किती खणांपुरती जागा घेऊन ठेवली आहे.

यामुळे एक गंमत साधते. तिकिटाच्या रांगेत पहिला माणूस निघून गेला की मागचे सगळे एक पाऊल पुढे सरकतात. पर्लमध्ये यादीतलं पहिलं मूल्य काढलं की कोणीच सरकत नाही. 'ओळ इथून सुरू होते' ही खूण फक्त एक खण पुढे जाते. जणू माणसं जागेवरच राहतात आणि तिकीट खिडकीच पुढच्या माणसासमोर येऊन उभी राहते. त्यामुळे यादीत लाखभर मूल्यं असली तरी पहिलं मूल्य काढायला वेळ लागत नाही.

मुख्य फंक्शन्स कोणती?

मूळ कोडमध्ये ही नावं रोमन लिपीत असतात. रोज लागणारी फंक्शन्स अशी:

- न्यूएव्ही: नवा, रिकामा अ‍ॅरे तयार करतं.
- एव्ही_मेक: दिलेल्या मूल्यांच्या प्रती काढून त्यांचा नवा अ‍ॅरे बनवतं.
- एव्ही_पुश: यादीच्या शेवटी एक मूल्य जोडतं. जागा कमी पडली तर अ‍ॅरे आपोआप मोठा होतो.
- एव्ही_पॉप: शेवटचं मूल्य काढून हातात देतं.
- एव्ही_शिफ्ट: पहिलं मूल्य काढून हातात देतं.
- एव्ही_अनशिफ्ट: यादीच्या सुरुवातीला सांगितली तेवढी रिकामी खणं तयार करतं.
- एव्ही_फेच: सांगितलेल्या क्रमांकाच्या खणात काय आहे ते दाखवतं.
- एव्ही_स्टोअर: सांगितलेल्या क्रमांकाच्या खणात मूल्य ठेवतं.
- एव्ही_एक्स्टेंड: पुढे लागणारी जागा आधीच घेऊन ठेवतं.
- एव्ही_क्लियर: सगळी मूल्यं काढून अ‍ॅरे रिकामा करतं.
- एव्ही_अनडेफ: अ‍ॅरे रिकामा करून खणांसाठी घेतलेली मेमरीही परत करतं.

यादी वाचून सगळं सोपं वाटतं. खरी मेख नावात आहे. यातली बरीच नावं पर्ल लिहिणाऱ्याच्या ओळखीची असतात, पण आतलं वागणं बाहेरच्यासारखंच असेल याची खात्री नसते. पर्लमधली 'अनशिफ्ट' ही आज्ञा दिलेली मूल्यं यादीच्या सुरुवातीला बसवते. आतलं एव्ही_अनशिफ्ट मात्र फक्त खणं मोकळी करून देतं. त्यात मूल्यं भरायला एव्ही_स्टोअर वेगळं वापरावं लागतं. ही गोष्ट नावावरून कळत नाही, ती नोंदीतूनच कळते.

इमारत 'ग्राउंड प्लस थ्री', मग मजले किती?

आता पुन्हा एव्ही_लेनकडे वळूया. पर्लमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते. पहिलं खण शून्य क्रमांकाचं, दुसरं एक क्रमांकाचं. आपल्याकडच्या इमारतींसारखंच. 'ग्राउंड प्लस थ्री' इमारतीच्या लिफ्टमध्ये सगळ्यात वरच्या मजल्याचं बटण तीनचं असतं, पण तळमजला धरून राहायच्या पातळ्या चार असतात. एव्ही_लेन लिफ्टमधल्या शेवटच्या बटणाचा आकडा सांगतं. पातळ्या किती, हे सांगत नाही.

हा एकाचा फरक किरकोळ वाटू शकतो. पण दोन उदाहरणं पाहा.

पहिलं उदाहरण. प्रोग्रामर लिहितो, 'शून्यापासून सुरू कर आणि क्रमांक लांबीपेक्षा कमी असेपर्यंत प्रत्येक मूल्य वाच.' लांबी म्हणून त्याने एव्ही_लेन वापरलं. चार मूल्यांसाठी उत्तर तीन आलं. शून्य, एक, दोन क्रमांकांची मूल्यं वाचली गेली आणि शेवटचं मूल्य गुपचूप सुटलं. प्रोग्राम बंद पडत नाही, चुकीचा संदेशही येत नाही. यादीतला शेवटचा ग्राहक, शेवटची नोंद, शेवटची ओळ तेवढी गायब होते.

दुसरं उदाहरण याहून विचित्र. सी भाषेत शून्य म्हणजे 'नाही' आणि शून्याखेरीज कुठलाही आकडा म्हणजे 'होय'. 'यादीत काही आहे का?' हे तपासायला कोणी थेट एव्ही_लेनचं उत्तर वापरलं, तर एकच मूल्य असलेल्या यादीसाठी शून्य येतं, म्हणजे 'नाही, रिकामी आहे'. रिकाम्या यादीसाठी उणे एक येतं, म्हणजे 'होय, आहे काहीतरी'. दोन्ही उत्तरं बरोबर उलटी!

गोंधळात भर म्हणजे याच कुटुंबातलं 'एसव्ही_लेन' नावाचं फंक्शन मजकुराची खरी लांबी बाइट्समध्ये सांगतं. एकाच आडनावाचे दोघे, वागणं मात्र परस्परविरुद्ध. पर्लएपीआयच्या नोंदीत या विसंगतीचाही उल्लेख आहे.

मग नाव बदललं का नाही?

कारण बाहेर त्या नावावर विसंबलेला कोड पसरलेला आहे. पर्लची मॉड्यूल्स 'सीपॅन' या सार्वजनिक संग्रहात ठेवली जातात. १९९५ पासून सुरू असलेल्या या संग्रहात आज दोन लाखांहून अधिक मॉड्यूल्स आहेत. त्यांतली अनेक मॉड्यूल्स अंतर्गत एपीआय वापरतात. ती लिहिणाऱ्यांनी एव्ही_लेनच्या उत्तरात एक मिळवायचा हे ध्यानात ठेवूनच कोड लिहिला. उद्या फंक्शन 'सुधारलं', तर तो सगळा बरोबर चालणारा कोड चुकीचा ठरेल. रस्त्याचं नाव चुकलं म्हणून घरं हलवता येत नाहीत.

म्हणून पर्लच्या विकासकांनी वेगळा मार्ग काढला. २०१३ साली आलेल्या ५.१८ आवृत्तीत 'एव्ही_टॉप_इंडेक्स' हे नाव आलं. काम तेच, पण नाव प्रामाणिक: सर्वात वरचा क्रमांक. पुढे 'एव्ही_काउंट' आलं, जे मूल्यांची खरीखुरी संख्या सांगतं. जुनं एव्ही_लेन जागेवरच राहिलं, फक्त त्याच्या नोंदीत सावधगिरीची पाटी लागली.

ही वस्तू नक्की कोणाची?

मोजणीतली चूक निदान उत्तरात दिसते. मालकीची चूक बराच काळ दिसतही नाही.

पर्लमध्ये प्रत्येक मूल्याजवळ एक आकडा असतो: आपल्याला किती जण वापरत आहेत? याला रेफरन्स काउंट म्हणतात. नवा वापरकर्ता आला की आकडा एकाने वाढतो, गेला की एकाने घटतो. शून्य झाला की मूल्य मेमरीतून पुसलं जातं. खोलीतून शेवटचा बाहेर पडणारा दिवा बंद करतो, तसंच.

पर्लमध्ये हा हिशेब आपोआप होतो. भटारखान्यात मात्र तो हाताने ठेवावा लागतो, आणि इथे प्रत्येक फंक्शनचा नियम वेगळा आहे:

- एव्ही_पुश तुमच्याकडचा हक्क स्वतःकडे घेतं. ते आकडा वाढवत नाही.
- एव्ही_पॉप आणि एव्ही_शिफ्ट मूल्याबरोबर त्याचा हक्कही तुमच्या हवाली करतात. काम झाल्यावर तो सोडणं ही तुमची जबाबदारी.
- एव्ही_फेच मूल्य फक्त बघायला देतं. जवळ ठेवायचं असेल तर आकडा स्वतः वाढवावा लागतो.
- एव्ही_मेक प्रती काढतं, त्यामुळे मूळ मूल्यं तुमचीच राहतात.
- एव्ही_स्टोअर यशस्वी झालं तर हक्क त्याचा. अयशस्वी झालं तर हक्क पुन्हा तुमच्या गळ्यात.

नियम चुकला तर दोनपैकी एक गोष्ट होते. हक्क सोडायचा राहिला, तर मूल्य कोणाच्याही उपयोगाचं नसताना मेमरी अडवून बसतं. यालाच मेमरी लीक म्हणतात. दोन मिनिटांत संपणाऱ्या प्रोग्रामला त्याने फरक पडत नाही, पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरची मेमरी थेंबाथेंबाने भरत जाते.

उलट चूक आणखी धोकादायक. एकच मूल्य दोन अ‍ॅरेंमध्ये पुश केलं आणि आकडा वाढवला नाही, तर पहिला अ‍ॅरे मोडताना ते मूल्य पुसलं जातं. दुसऱ्या अ‍ॅरेच्या हातात उरतो पाडलेल्या घराचा पत्ता. त्या जागी आता दुसरंच काही उभं राहिलेलं असू शकतं. पर्ल कधीकधी 'ज्याचा संदर्भच उरलेला नाही ते मूल्य पुसायचा प्रयत्न झाला' अशा अर्थाची सूचना देते. पण तोवर मूळ चूक कोडमध्ये कुठेतरी खूप मागे राहिलेली असते.

यातलं काहीही फंक्शनच्या नावात दिसत नाही. नोंदीतली 'मालकी कोणाकडे जाते' ही एक ओळ हाच एकमेव आधार.

'काही नाही' म्हणजे नक्की काय?

रिकाम्या यादीवर एव्ही_पॉप चालवलं तर पर्लचं 'अनडेफ' मिळतं, म्हणजे 'मूल्य ठरलेलं नाही' असं सांगणारं एक खरंखुरं मूल्य. एव्ही_फेचला मात्र खण सापडलं नाही, तर ते 'नल' देतं, म्हणजे पत्ताच नाही. अनडेफ हे रिकामं पाकीट. नल म्हणजे पाकीटच नाही. पाकीट आहे असं समजून हात घातला तर प्रोग्राम तिथेच कोसळतो. म्हणून एव्ही_फेचचं उत्तर नल आहे का हे आधी तपासा, असं नोंद बजावून सांगते.

एव्ही_स्टोअरनेही नल दिलं, तरी त्याचा अर्थ दरवेळी बिघाड असा नसतो. पर्लमध्ये 'टाय' केलेले अ‍ॅरे असतात. बाहेरून ती यादी दिसते, पण पाठीमागे एखादी फाइल किंवा डेटाबेस सांभाळणारा वेगळाच कोड असतो. अशा वेळी मूल्य खणात ठेवण्याची गरजच नसते, म्हणून नल येतं.

सगळ्यात चकवणारी नोंद एव्ही_क्लियरची. अ‍ॅरे रिकामा करताना त्यातली मूल्यं पुसली जातात. एखादं मूल्य पुसलं जाताना त्याचा स्वतःचा 'निरोपाचा कोड' चालू शकतो. त्या कोडने त्या अ‍ॅरेचाच शेवटचा संदर्भ काढून टाकला तर? फंक्शन परत येईपर्यंत अ‍ॅरेच नाहीसा झालेला असू शकतो. म्हणून त्यावर आपला हक्क राखून ठेवा, असं पर्लएपीआय सुचवतं. रोज घडणारी गोष्ट नाही. पण जिच्यावर ती ओढवेल, त्या प्रोग्रामरसाठी हे एक वाक्य म्हणजे वाचलेली कित्येक तासांची डोकेफोड.

या नोंदी लिहितं कोण?

पर्लच्या आतल्या भागाची ओळख करून देणाऱ्या दस्तऐवजाचं नाव 'पर्लगट्स'. गट्स म्हणजे आतडी! मे १९९७ पर्यंत तो जेफ ओकामोटो सांभाळत होते. त्यानंतर 'पर्ल ५ पोर्टर्स' या स्वयंसेवी विकासकांच्या गटाने ती जबाबदारी घेतली. फंक्शन्सची यादी मुळात डीन रोरिक यांनी तयार केली. पुढे बेंजामिन स्टुल यांनी ती मूळ कोडमधल्या टिपणांतून आपोआप तयार होईल अशी व्यवस्था केली.

ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. फंक्शनची नोंद वेगळ्या फाइलमध्ये नाही, तर त्या फंक्शनच्या कोडच्या शेजारीच एका ठरावीक खुणेने लिहिली जाते. 'ऑटोडॉक' नावाचा प्रोग्राम सगळ्या नोंदी गोळा करून पर्लएपीआय पुस्तिका बनवतो. फायदा सरळ आहे: कोड बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच त्याची नोंद असते. दोन गोष्टी दोन ठिकाणी ठेवल्या, की एक बदलते आणि दुसरी शिळी होते.

याशिवाय एका मुख्य फाइलमध्ये प्रत्येक फंक्शनपुढे अक्षरांच्या खुणा असतात. एक खूण 'सर्वांसाठी खुलं' असं सांगते. छोटं 'डी' म्हणजे नोंद उपलब्ध आहे. मोठं 'डी' म्हणजे फंक्शन आता वापरू नका.

आणि नोंद नसलेली फंक्शन्स? त्यांचीही यादी पुस्तिका देते. ती सार्वजनिक आहेत, पण नोंद नाही. वापरायची तर स्वतःच्या जबाबदारीवर, असा इशारा त्यांच्यासोबत असतो. जे लिहिलेलं नाही त्याचं वचन दिलेलं नाही, हे उघडपणे सांगणं हासुद्धा नोंदीचाच भाग.

चांगली नोंद कशी ओळखायची?

पर्लच्या अ‍ॅरे फंक्शन्सवरून पाच कसोट्या निघतात, आणि त्या कुठल्याही भाषेच्या एपीआयला लागू पडतात:

१. ओळखीच्या गोष्टीशी सांगड: एव्ही_पुशसारख्या फंक्शनच्या नोंदीत त्याच्याशी जुळणारी पर्लची आज्ञाही दिलेली असते. वाचणारा माहितीच्या वाटेने नव्या जागी पोहोचतो.

२. मोजणीचा नेमका अर्थ: एव्ही_एक्स्टेंडला ९९ हा आकडा दिला, तर जागा १०० मूल्यांची होते, असं नोंदीत उदाहरणासह लिहिलेलं आहे. एका ओळीने शंकाच मिटते.

३. मालकी: दिलेलं कोणाचं झालं आणि मिळालेलं कोणी सोडायचं.

४. अपयशाचं रूप: नल, अनडेफ की उणे एक, आणि त्याचा अर्थ काय.

५. अटी: 'एव्ही_फेच_सिंपल' हे फंक्शन एव्ही_फेचपेक्षा हलकं आहे, कारण ते अनेक तपासण्या वगळतं. अ‍ॅरे साधा असावा, टाय केलेला नसावा, क्रमांक ऋण नसावा अशा त्याच्या अटी आहेत. त्या पाळल्या जातील याची खात्री नसेल तर ते वापरूच नका, असं नोंद ठणकावते. 'सिंपल' म्हणजे वापरायला सोपं नव्हे, तर फक्त साध्या अ‍ॅरेसाठी.

स्वतः कोड न लिहिणाऱ्यांचाही याच्याशी संबंध येतो. यादीतली शेवटची नोंद गाळणारा अहवाल किंवा दर काही दिवसांनी 'रीस्टार्ट' करावा लागणारा सर्व्हर, यांच्यामागे कधीकधी अशीच एखादी न वाचलेली किंवा न लिहिलेली ओळ असते. आता कोड लिहिण्यासाठी एआयची मदत घेतली जाते. फंक्शनच्या नावावरून अंदाज बांधणारा माणूस असो की मशिन, एव्ही_लेन दोघांनाही सारखंच फसवू शकतं.

नाव एकदा ठरलं आणि जगभर पसरलं की ते मागे घेता येत नाही. नोंद मात्र आजही दुरुस्त करता येते. पर्ल हा मुक्त स्रोत प्रकल्प असल्याने तिच्यात दुरुस्ती सुचवायला कोणालाही मुभा आहे, मग ती एका वाक्याची का असेना.